वेरोन नेनीची निळीची पत्रं

राजधानीत आपल्या हंगेरियन मंडळींचं एक संग्रहालय आहे. हंगेरीतून जहाजाने इकडे अर्जेंटिनात आलेल्या चित्रकारांनी, शिल्पकारांनी, फोटो काढणाऱ्यांनी एकमेकांना लिहिलेली पत्रं ते जमवतात. त्या संग्रहालयाला एक दिवस उत्तरेकडच्या चाको प्रांतातल्या सान एस्तेबान वसाहतीतून पार्सल पोचलं. आत रुमाल होते. पांढरेशुभ्र, खळ घातलेले, कडक इस्त्री केलेले, कोपऱ्याला कोपरा जुळवून घडी घातलेले. वर चिठ्ठी होती: "किश्पाल ओर्शीबाईंनी हयातीत आमच्या वेरोन नेनीला पाठवलेली सर्व पत्रं सोबत जोडली आहेत. पोच द्यावी." खाली वसाहतीच्या हंगेरियन मंडळाचा शिक्का आणि सेक्रेटरी वेंदेल यांची लफ्फेदार सही.

रुमालांवर अक्षर नव्हतं, रेघ नव्हती. डागसुद्धा नव्हता.

वेंदेल म्हणजे प्रस्तुत लेखक. पण यापुढे त्याला वेंदेलच म्हणू, म्हणजे नावं ठेवायला सोपं जाईल.

वेंदेल तालुक्याच्या शाळेत शिकला. मंडळाचा सेक्रेटरी झाला, कारण दुसरं कोणी तयार नव्हतं. वेरोन नेनीच्या (नेनी म्हणजे आमच्याकडे मावशी) पेटीतलं गाठोडं त्याने घरी आणलं, आईच्या पुढ्यात ठेवलं, "राजधानीला जायचंय, जरा इस्त्री मारून दे," एवढं म्हणाला आणि फुटबॉल खेळायला गेला. गाठोड्यात पत्रं आहेत हे सांगायचं त्याच्या डोक्यातच आलं नाही. आईने गाठोडं सोडलं. चांगल्या सुताची कापडं, त्यांवर निळीने काढलेली नक्षी, आणि एकावरही टाका नाही. सान एस्तेबानमध्ये नक्षी काढलेलं कापड न भरता पडून राहिलं, तर त्या घरची बाई आळशी ठरते. आईला वाटलं, वेरोनची अब्रू अशी राजधानीत कशाला जायला हवी. शेजारधर्म म्हणून तिने चूल पेटवली, हंडा चढवला आणि सगळी कापडं साबणात उकळून काढली.

निळीची रेघ पहिल्या धुण्याला जाते. म्हणून तर नक्षी निळीने काढतात.

आठवड्याने संग्रहालयातल्या लिल्लाबाईंचं उत्तर आलं. वेंदेल ते खिशात घालून वेरोन नेनीच्या ओट्यावर गेला. नेनी मांडीवर पाट घेऊन बसली होती. पाटावर कुणा नवरीच्या उशीचा पांढरा अभ्रा ताणलेला, बाजूला बशीत कालवलेली नीळ, हातात टाक. सत्तरी उलटलेली बाई, अंगाने एवढीशी, पण पंजे गड्यासारखे. उजव्या हाताचं पहिलं बोट नखापर्यंत निळं. कापडावरची नीळ धुऊन जाते, तिच्या बोटावरची कधी गेली नाही.

"नेनी, गार तेरेरे करून आणू?" वेंदेल म्हणाला. तेरेरे म्हणजे इकडचा थंड पाण्यातला पाल्याचा चहा.

"तू माझ्यासाठी तेरेरे करायला निघालास म्हणजे कोणीतरी मेलंय."

"कोणी मेलं नाही."

"मग काय मोडलंस?"

"मोडलं नाही. धुतलं गेलं."

त्याने सगळं सांगितलं. सांगताना तो तिच्या कोंबड्यांकडे बघत होता. नेनीचा टाक थांबला.

"सगळी?"

"सगळी."

"उकळली?"

"उकळली."

"तुझ्या आईने उकळली म्हणजे गेलीच." तिने टाक बशीवर आडवा ठेवला. "शाळेत काय शिकवलं रे तुला इतकी वर्षं?"

"बरंच काही."

"त्यात पत्र धुवायचं नसतं, हे नव्हतं."

मग तिने लिल्लाबाईंचं पत्र वाचायला लावलं. पत्र असं होतं: "रुमाल पोचले. इतके स्वच्छ रुमाल संग्रहालयात यापूर्वी आलेले नाहीत. पत्रं मागाहून येत आहेत का? नेनींनी ओर्शीबाईंना पाठवलेली कापडं आम्हाला ओर्शीबाईंच्या लेकीने, तेक्लाने, आणून दिली आहेत आणि ती पाहून आम्ही सगळे थक्क झालो. मे महिन्यात कलावंतांच्या पत्रांचं प्रदर्शन आहे. तिथे दोन्ही बाजूंची पत्रं असतील तरच जोडी लावतात. ओर्शीबाईंच्या हातचं काहीच मिळालं नाही, तर नेनींची कापडं हस्तकलेच्या कपाटात ठेवावी लागतील आणि ओर्शीबाईंचं नाव कुठेच येणार नाही."

"शेवटचं पुन्हा वाच."

वेंदेलने वाचलं.

"लिही तिला," नेनी म्हणाली. "ओर्शीचं नाव नसेल तर माझं नको. माझी कापडं परत पाठव म्हणावं. आणि ते धुतलेले रुमालही. सूत चांगलं आहे."

एवढं बोलून तिने अर्धवट नक्षीचा अभ्रा बादलीतल्या पाण्यात टाकला. रेघ हलली होती. असं तिचं कधी होत नसे.

वेरोन नेनी हंगेरीतल्या कालोचाची. तिकडे आणि इकडेही तिचा धंदा एकच, नक्षी काढण्याचा. बायका पांढरं कापड घेऊन यायच्या, ही ठसा नाही, कागद नाही, सरळ टाक बुडवून फुलं काढत सुटायची. रेघेवर बायका रंगीत दोरा भरायच्या. मग कापड धुवायचं, म्हणजे चुकूनमाकून दिसणारी नीळ निघून जायची. लग्नात पाहुण्या उशांवरून हात फिरवून विचारायच्या, "कोणी भरलं गं?" कोणी काढलं, हे कोणी विचारत नसे. विचारलं तरी दाखवायचं काय? रेघ तर गेलेली. वेरोनला मजुरी म्हणून डझनभर अंडी मिळायची, बरी सोयरीक असली तर बदक.

ओर्शी तिला भेटली जहाजावर. दोघी विशीतल्या, दोघींचे नवरे डेकवर पत्ते कुटत बसलेले. वेरोनने वेळ जाईना म्हणून जहाजाच्याच उशीवर ट्युलिप काढला. शेजारच्या बाकड्यावरची एक धिप्पाड बाई उठून आली, वाकून बघत राहिली आणि म्हणाली, "हे फूल आहे की पळी?"

"तू कुठची गं?"

"मेझोकोवेश्दची."

"तरीच," वेरोन म्हणाली. कालोचाच्या माणसाला मेझोकोवेश्दचे मात्यो लोक म्हणजे भडक. मात्यो माणसाला कालोचावाले म्हणजे अळणी. ओर्शीने तिच्या हातातून टाक घेतला आणि ट्युलिपचा दांडा वाकवला. फुलाला वजन असतं, असं तिचं म्हणणं. वेरोनने दुसऱ्या बाजूला सरळ दांड्याचा ट्युलिप काढून उत्तर दिलं. ब्वेनोस आयरेसला उतरेपर्यंत जहाजाच्या उशा संपल्या. कप्तानाने दोघींच्या नवऱ्यांकडून भरपाई घेतली.

पुढे वेरोनच्या नवऱ्याला चाकोत कापसाची जमीन मिळाली आणि ओर्शी राजधानीलगत वालेंतीन अल्सीनाला लोकर धुण्याच्या कारखान्यात लागली. पुन्हा भेट नाही. गाडीभाडं जमायचं तेव्हा कापूस वेचायचा असायचा, आणि कापूस घरात यायचा तेव्हा भाव पडलेला असायचा. पण पत्रं चाळीसेक वर्षं चालली. ओर्शीला लिहिता येत नव्हतं. वेरोनला येत होतं, पण तिला सांगायचं असे ते अक्षरांत बसत नसे. म्हणून कापड. वेरोन निळीने नक्षी काढायची, घडी करायची, टपालात टाकायची. ओर्शी दुसऱ्या कापडावर उत्तर काढायची. तेक्ला झाली तेव्हा ओर्शीकडून नुसती एक कळी आली, आणि कळीभोवती इतकी पानं, की जणू आख्खा मोहल्ला बघायला जमलाय. वेरोनने पहिल्यांदा पांढऱ्यावर काळा दोरा भरायचं सुचवलं, तेव्हा ओर्शीने वेरोनच्याच ट्युलिपला मिशा काढून पाठवल्या. बाकी बहुतेक पत्रांत भांडण होतं, दांडा सरळ की वाकडा.

ओर्शी गेल्याचं तेक्लाने कळवलं, तेव्हा नेनीने पेटीतलं गाठोडं काढलं, उन्हात ठेवलं आणि संध्याकाळी परत बांधलं. त्यातलं एकही कापड तिने भरलं नव्हतं. भरलं असतं तर ओर्शीची रेघ दोऱ्याखाली गेली असती. आळशी ठरली तरी चालेल म्हणून तिने ती तशी राखली होती. आणि ती वेंदेलच्या आईच्या हंड्यात गेली.

बातमी लपत नाही. दोन दिवसांत मंडळाचे अध्यक्ष आंब्रुश बाची, म्हणजे आंब्रुश काका, नेनीच्या ओट्यावर येऊन टेकले. भरघोस मिशा, जन्मभर कापूस खरेदीवर काढलेला, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत तोड काढायची सवय.

"वेरोन, एवढं काय घेऊन बसलीस? तुला तिचा हात ठाऊक आहे. बस आणि काढ तिच्यासारखं. राजधानीतल्या पोरीला काय कळणार आहे?"

"काढून?"

"काढून पाठवून दे. सान एस्तेबानचं नाव होईल."

"चाळीस वर्षं मी तिच्याशी भांडले, आंब्रुश. आता दोन्ही बाजूंनी मीच भांडू?"

"अगं, पण आठवत तर असेलच ना तुला?"

"आठवतं. पण तिचा वाकडा दांडा माझ्या हातून निघायचा नाही. निघाला तर मी हरले, असा त्याचा अर्थ होईल. मेलेल्या बाईने मला हरवावं हे मला चालणार नाही."

बाचींनी मिशा चाचपल्या. "मग तिच्या हातचं आणणार कुठून?"

वेंदेल खांबाला टेकून उभा होता. त्याने पाहिलं, नेनीने निळं बोट मुठीत दाबून धरलं होतं.

"एक आहे," ती म्हणाली.

"कुठे?"

"मंडळात. तू रोज त्याच्यासमोर बसून पत्ते खेळतोस."

मंडळाचा पडदा सान एस्तेबानात कोणाला दाखवावा लागत नाही. रंगमंचावरचा तो भरतकामाचा पडदा वसाहतीतल्या झाडून सगळ्या बायकांनी मिळून भरलेला, दोन्ही कडांना कालोचाची फुलं, मधोमध मोठा गुलाब आणि गुलाबाखाली एक पांढरा पक्षी. कोणी पाहुणा आला की बाची त्याला पडद्यापुढे नेतात आणि सांगतात, "अस्सल कालोचा. दुसऱ्या गावाचा टाका नाही. आणि हा खाली पवित्र आत्मा, कबुतराच्या रूपात." पडदा कधी धूत नाहीत. रंग जातील म्हणून बाचींचीच सक्त ताकीद.

तिघे मंडळात गेले. नेनी खुर्चीवर चढली. कमरेच्या खिशातून तिने बारीक कात्री काढली आणि बाची "ए, ए" करेपर्यंत पक्ष्याच्या पोटाचे दोन-तीन टाके उसवले. दोऱ्याखाली निळी रेघ होती. फिकटलेली, पण ठाम, आणि वाकडी.

"ओर्शीची," नेनी म्हणाली.

मग खुर्चीवरूनच, पडद्याकडे तोंड करून, तिने सांगितलं. मंडळाची इमारत झाली त्या वर्षी टोळधाड आली होती. कापूस गेला, आणि त्याच वर्षी तिचा धाकटा मुलगाही गेला. पडद्याच्या दोन्ही कडा तिने त्याआधी काढून ठेवल्या होत्या. मधला भाग काही केल्या येईना. टाक बुडवायची, रेघ निघायची नाही. तेव्हा तिने ओर्शीला कोरं कापड पाठवलं. त्यावर काहीच नव्हतं. इतक्या वर्षांत तेवढंच एक पत्र कोरं.

"तिने काही विचारलं नाही," नेनी म्हणाली. "तेच कापड परत आलं. मधोमध हा गुलाब, मात्यो, चांगला गच्च. आणि खाली ही कोंबडी."

"कबुतर," बाची म्हणाले.

"कोंबडी, आंब्रुश. मी तिला मागे कळवलं होतं की माझ्या कोंबड्या अंडी देत नाहीत. म्हणून तिने ही काढली, एक पाय वर करून. मूल गेल्यावर त्या दिवशी मी पहिल्यांदा हसले. मग ते कापड मी तसंच मध्ये शिवलं आणि बायकांना भरायला दिलं. कोणी विचारलं नाही, मी सांगितलं नाही. मात्यो गुलाब म्हटलं असतं तर कोणी सुई लावली असती का?"

बाची खाली बसले. "मी बिशपना सांगितलंय, वेरोन. पवित्र आत्मा म्हणून."

"मग बिशपनी काय केलं?"

"क्रुसाची खूण केली."

"कोंबडीचं भलं झालं."

बाची हसले नाहीत. पडदा हॉलबाहेर जाणार नाही, असं त्यांनी सांगून टाकलं. सान एस्तेबानचा पडदा मात्यो निघाला हे पलीकडच्या वसाहतीला कळलं, तर बाजारात तोंड दाखवायला जागा उरणार नाही. झालं ते इथेच गाडायचं. नेनीने खुर्ची जागेवर ठेवली, कात्री खिशात घातली आणि घरी गेली. बाचींना वाटलं, मिटलं.

दुसऱ्या दिवसापासून वेरोन नेनीची नीळ संपली.

आमच्याकडे कापूस विकला गेला की लग्नं लागतात, आणि उशांवर नक्षी काढल्याशिवाय नवरी घराबाहेर पडत नाही. बायका पांढरे अभ्रे घेऊन ओट्यावर येऊ लागल्या. नेनी त्यांना बसायला सांगायची, तेरेरे द्यायची, सुनांची चौकशी करायची. नक्षीचं काढलं की म्हणायची, "नीळ संपली गं."

"दुकानात आहे की, नेनी."

"असेल. माझ्याकडची संपली."

वेंदेलची आई आधीच अपराधी. तिने दुकानातून निळीचा आख्खा खोका आणून ओट्यावर ठेवला. नेनीने खोक्याकडे पाहिलं. "ही धुण्याची आहे, बाई. यात तुझा हात माझ्यापेक्षा चांगला." आई त्या दिवशी घरी येऊन जेवली नाही, आणि वेंदेललाही तिने फारसं जेवू दिलं नाही.

लग्न ठरलेल्या मुलींत बाचींची नातही होती. बाचींनी तोड काढली. शहरातून छापील नक्षीचे कागद मागवले. कागदांवर एकाच मापाचे ट्युलिप, ओळीने, पोलिसांसारखे उभे. नातीने ते पाहिले आणि विकतच्या फुलांवर डोकं ठेवून मी झोपणार नाही, असं सांगून खोलीचं दार लावून घेतलं. बाचींच्या बायकोने, रेजी नेनीने, तोवर तोंड उघडलं नव्हतं. आता तिने जेवणाच्या टेबलावर, सगळ्यांदेखत उघडलं.

"घरात नात रडतेय, सून तुझ्याशी बोलत नाही, आणि तू एका कोंबडीसाठी अडून बसलायस."

"कबुतर," बाची म्हणाले.

"ते मी भरलंय. मला विचार. भरतानाच मला वाटत होतं, कबुतराला तुरा कशाला."

"मग तेव्हा बोलली का नाहीस?"

"नवी नवरी होते. तेव्हा तू म्हणशील ते कबुतर."

त्यावर टेबलावर कोणी हसलं की नाही हे ठाऊक नाही, पण संध्याकाळी बाची वेरोन नेनीच्या ओट्यावर आले. टोपी हातात.

"पडदा जाईल," ते म्हणाले. "नावं दोन्ही लिही. हवं तर तिचं आधी. पण कोंबडी असं लिहायचं नाही."

"पक्षी?"

"पक्षी चालेल."

"नातीला उद्या पाठव," नेनी म्हणाली. "अभ्रे आणायला सांग. आणि ते छापलेले कागद चुलीत घाल."

राहिली एक गोष्ट. वेंदेलने पडद्याचं कळवलं, तेव्हा लिल्लाबाईंनी फोनवर विचारलं होतं, रेघ दोऱ्याखाली असेल तर लोकांना दिसणार कशी? गुलाब उसवायचा नाही, दोरा बायकांचा आहे, असं नेनीने बजावलं. फक्त पक्षी मोकळा करायचा. त्यासाठी ती कात्री घेऊन निघाली, तर हॉलमध्ये रेजी नेनी आधीच पडदा खाली उतरवून, मांडीवर घेऊन बसली होती.

"माझ्या हातचे टाके आहेत," ती म्हणाली. "मीच उसवते. तू बस तिथे, आणि मला घाई करू नकोस."

तिने एकेक टाका सुईच्या टोकाने उचलला, जणू कापडाला दुखेल. पांढरा दोरा तिने गुंडाळून एप्रनच्या टोकाला बांधला. खाली कोंबडी उभी राहिली, एक पाय वर, मान वाकडी, डोळ्याच्या जागी नुसता ठिपका. दोघी बायका बराच वेळ तिच्याकडे बघत बसल्या. मग रेजी नेनी म्हणाली, "चांगली बाई असली पाहिजे."

"भांडकुदळ," वेरोन नेनी म्हणाली.

प्रदर्शनाला सान एस्तेबानहून बस भरून माणसं गेली. नेनीने काळा रुमाल डोक्याला बांधला होता आणि बोट लपवायला हातमोजे घालायची सूचना धुडकावून लावली होती. दालनात भिंतीभर पत्रं होती. मोठमोठ्या चित्रकारांची, काचेखाली, सुंदर अक्षरांतली. त्यांत उधारीची रडगाणी बरीच आणि चित्रांबद्दल थोडं. आणि दालनाच्या शेवटच्या भिंतीवर, छतापासून जमिनीपर्यंत, सान एस्तेबानचा पडदा. दोन्ही बाजूंना वेरोनची कापडं, निळ्या रेघांची, तेक्लाने राखलेली. माणसं आत येत होती आणि वाटेतली काचेखालची पत्रं सोडून सरळ तिकडे जात होती. नेनी दारापाशी उभी राहिली. तिची पाठ कधी नव्हे ती ताठ झाली.

लिल्लाबाई, चष्मा लावणारी, बोलायला भरभर, नावाची पाटी हातात घेऊन आल्या. बाकी पाट्यांवर नावाखाली चित्रकार, शिल्पकार असं काहीबाही होतं. या दोघींच्या नावाखालची ओळ त्यांनी मुद्दाम कोरी ठेवली होती.

"नेनी, तुम्हीच सांगा, धंदा काय लिहू?"

शेजारी तेक्ला उभी होती. आईसारखीच धिप्पाड, पन्नाशीकडे झुकलेली. ती म्हणाली, "आई जन्मभर लोकर धुवायची. लिहायचं तर तेच लिहा. खोटं नको."

"लोकर ती पोटासाठी धुवायची," नेनी म्हणाली. "नक्षी काढायची ती... लिहा हो बाई, नक्षीकार. दोघी नक्षीकार. किश्पाल ओर्शी, मेझोकोवेश्द. तिचं आधी लिहा, नाहीतर वर बसून ती मिशा काढेल."

लिल्लाबाईंनी लिहिलं, आणि पाटी खिळ्याला अडकवली.

तेवढ्यात पडद्यापुढे गर्दी झाली होती. मध्यभागी आंब्रुश बाची, बोटाने दाखवत, बारा गावचे पाहुणे गोळा करून. "हा गुलाब बघा, मात्यो. आणि या कडा कालोचा. दोन्ही एका पडद्यावर सबंध अर्जेंटिनात फक्त आमच्याकडे. आणि ही खाली, ही कोंबडी. हिची गोष्ट ऐका..." त्यांनी टोळधाडीपासून सांगायला सुरुवात केली, जणू त्यांना पहिल्यापासून सगळं ठाऊक होतं. रेजी नेनी त्यांच्या मागे उभी राहून मान डोलवत होती. पाटीवर पक्षी लिहिलं होतं, ते कोणी वाचलं नाही.

तेक्ला पडद्याजवळ गेली. नाक कापडाला लागेल इतकी वाकली. रेघेवरून बोट फिरवलं, पण टेकवलं नाही.

"आमच्या चुलीमागच्या भिंतीवर ती असली काढायची," ती म्हणाली. "आम्ही पोरं जेवत नसलो की. मला वाटायचं, ती नुसती आम्हाला हसवतेय."

"हसवतच होती," नेनी म्हणाली. "तेवढंही सगळ्यांना काढता येत नाही."

तेक्लाने बाहीने डोळे पुसले. मग ती लगबगीने घरी गेली आणि बस सुटायच्या आधी पळत परत आली. हातात आईची ताटली होती, कडेला निळा काठ असलेली. तिच्यावर पोगाचांचा, म्हणजे खाऱ्या छोट्या पावांचा, ढीग, वर स्वच्छ फडकं. "वाटेत खा," ती खिडकीतून म्हणाली. नेनीने ताटली घेतली. बसभर माणसांना पोगाचा पुरल्या. आंब्रुश बाचींनी तीन खाल्ल्या, आणि मात्यो मीठ जरा जास्त टाकतात, एवढंच म्हणाले.

पडदा नंतर परत आला आणि जागेवर लागला. कोंबडी पुन्हा भरायची की तशीच ठेवायची, यावर मंडळात तीन सभा झाल्या. ती तशीच राहिली. संग्रहालयाने ओर्शी आणि वेरोन यांच्या नावाने एक कपाट केलं आहे, आणि वेंदेल हल्ली कापसाच्या कामाने राजधानीला गेला की तिथे डोकावून येतो. पाटी अजून सरळ आहे.

ताटली मात्र अजून सान एस्तेबानात आहे. आमच्याकडे कोणाची ताटली रिकामी परत करत नाहीत, आणि ओर्शीच्या ताटलीत काय घालून पाठवायचं, हे वेरोन नेनीचं ठरत नाही. एकदा खसखशीची गुंडाळी भाजली, ती जास्त लाल झाली म्हणाली. एकदा जर्दाळूचा मुरंबा केला, तो ताटलीत राहणार कसा, म्हणून बरणीतच राहिला. गेल्या आठवड्यात वेंदेल निघताना ओट्यावर गेला, तेव्हा तिने ताटली फळीवरून खाली काढली, पुसली, उजेडाकडे धरून पाहिली आणि परत फळीवर ठेवली.

"पुढच्या खेपेला," ती म्हणाली.